भिंतीतलं तिरकं भोक

नाना, परवा मी स्वतः उभ्या केलेल्या भिंतीला हातोडा मारला. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, माझं ऑफिस झालं, दारावर नावाची पाटी लागली, पण तेव्हा काही मी वही-पेन घेऊन बसले नाही. आज बसले आहे, कारण आजची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती होत नाही. तुम्ही असतात तर पहिल्या वाक्यालाच विचारलं असतंत, "भित फोडलीस? मंग बांदताना डोळं कुठं व्हतं?" त्या प्रश्नाचं उत्तर देता देता हे कागद भरणार आहेत. मध्येच रागावू नका. रागवायचं तर शेवटी रागवा, तिथे त्याला पुरेशी जागा आहे.

गावाबाहेरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, वृद्धाश्रमाची नवी इमारत झाली, ती माझी. नकाशा माझा, देखरेख माझी, शेवटचा गिलावा सुकेपर्यंत रोजची फेरी माझी. जागा तुमच्या ओळखीची आहे, त्याच सड्यावरच्या खाणीत तुम्ही उमेदीच्या वयात, गवंडी व्हायच्या आधी, जांभ्याचे चिरे काढलेत. झाड नाही, आडोसा नाही, समुद्रावरून निघालेला वारा सरळ येऊन भिंतीवर आपटतो. बारा खोल्या, प्रत्येकीत दोन खाटा, पुढे लांब व्हरांडा. म्हातारं माणूस कुठे अडखळेल, कुठे हात टेकेल, याचा मी खूप विचार केला होता. कुठल्याच दाराला उंबरा ठेवला नाही. न्हाणीत तीन बाजूंनी धरायला दांड्या दिल्या. बटणं खाटेवरून हात पोचेल अशी खाली घेतली. बघायला येणारे कौतुक करायचे आणि मी विनयाने हसायचे, पण आतून फुगलेली असायचे. आणि प्रत्येक खोलीत वर, स्लॅबच्या खाली, समोरासमोरच्या भिंतींत एकेक भोक ठेवलं होतं. ते मात्र तुमचं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तुमचं भोक मी पहिल्यांदा पाहिलं ते आईच्या स्वयंपाकघरात. मी तिसरीत असेन. बाहेर धो धो पाऊस, चुलीत ओली लाकडं, आई खोकून खोकून वाकलेली. तुम्ही कामावरून येता, दारात उभे राहून तिच्याकडे बघता, आणि चप्पल न काढता छिन्नी-हातोडा घेऊन चुलीवरच्या भिंतीला भिडता. चिऱ्याचा लाल भुगा सरळ बांगड्याच्या कालवणात पडतो. आई ओरडते, "आवो, कालवान तरी उतरू द्या!" तुम्ही थांबत नाही. भिंत आरपार होते आणि चुलीचा धूर मान वळवून तिकडे जायला लागतो. त्या दिवशी आपण लाल कालवण जेवलो. आई आठवडाभर कुरकुरत होती, पण खोकला कमी झाला हे तिने तुम्हाला कधी सांगितलं नाही, मला सांगितलं.

भोक सरळ नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही ते तिरकं पाडायचात, खोलीच्या आतलं तोंड उंच आणि बाहेरचं खाली. त्यासाठी तुमच्याकडे फणसाच्या लाकडाचा एक साचा होता, हातभर लांब, एका टोकाला चिरा बसेल असा तिरका कापलेला. नव्या भिंतीत तो साचा ठेवून भोवतीने चिरे रचायचे आणि मग तो अलगद ओढून काढायचा. "पानी चढत नाय, हवा चढते. येवडं ध्यानात ठेव, बाकी तुजं कालेज," असं तुम्ही मी डिप्लोमाला गेल्यावर म्हणाला होतात. आणि घर मालकाच्या ताब्यात द्यायच्या आधी तुमची ती परीक्षा. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एक उदबत्ती लावायची, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि उकिडवं बसून धुराकडे बघायचं. धूर हलला तर ठीक. जागच्या जागी घुटमळला तर मालक समोर उभा असला तरी तुम्ही भिंत फोडायचात. लोक तुम्हाला चक्रम म्हणायचे. मीही एकदा म्हणाले होते, मैत्रिणींसमोर, तुम्ही ऐकत असताना.

माझा पहिला नकाशा आठवतो? शेजारच्यांची नवी खोली. मी मोठ्या काचेची खिडकी काढली होती आणि वरची भोकं गाळली होती, भिंत स्वच्छ दिसावी म्हणून. खोली झाल्यावर तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत, खिडकी लावलीत, उदबत्ती पेटवलीत आणि म्हणालात, "ह्या धुराला इचार, तुला जायाला जागा दिली काय म्हनून." खोली धुराने भरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तुम्ही दार उघडलं नाहीत. शेवटी मीच उघडलं. पुढे मी ऑफिस थाटलं तेव्हा तुम्ही पेपरात गुंडाळून तो साचा माझ्या टेबलावर ठेवलात. तुमच्या हातांनी गुळगुळीत झालेला. तुमचे हात चालेनासे झाले होते म्हणून दिलात, हे मला उशिरा कळलं. मी त्याचं काय केलं ते सांगते. नकाशांच्या गुंडाळ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर ठेवायचे.

वृद्धाश्रमाच्या वेळी भोकं करायची ठरली तेव्हा साचा डोळ्यांसमोरच होता. पण गवंडी लांज्याकडून आलेले, त्यांना तो प्रकार ठाऊक नाही, शिकवत बसायला माझ्याकडे सवड नाही. दुकानात सिमेंटच्या तयार जाळ्या मिळतात, त्याच आणून बसवल्या. सरळ. आत जेवढी उंच तेवढीच बाहेर. भोक तुमचं घेतलं आणि त्यातली तुमची अक्कल तेवढी वगळली. पहिल्याच पावसाळ्यात सड्यावरची झड जाळीतून आत आली आणि भिंतीकडेच्या खाटा भिजल्या. एका आजोबांची गादी तीन दिवस ओली होती. संस्थेच्या अध्यक्षांचे फोनवर फोन. मी जाऊन पाहिलं आणि मला चूक तिथल्या तिथे कळली, नाना. साच्याशिवाय केल्याची ही शिक्षा आहे हे कळलं. पण ती दुरुस्त करायची म्हणजे चोवीस भोकं फोडायची, रंगवलेल्या भिंती खराब करायच्या, आणि सगळ्यांसमोर कबूल करायचं की मॅडम चुकल्या.

आपल्याकडे आगोटीला आपण काय करतो? पाऊस यायच्या आधी लाकडं आत घेतो, सुकी मासळी भरतो आणि घराला दिसेल ती फट बुजवतो. पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतो, खिडकीला प्लास्टिक ठोकतो, कौलाखाली गोणपाट कोंबतो. पाणी आत येता कामा नये, बस. आत असलेली हवा बाहेर जाणार कुठून हा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही, कारण जुन्या घरात कौलांमधून ती जायचीच. स्लॅबला कौलं नसतात हे मला माहीत होतं. तरी पुढच्या आगोटीला अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, या जाळ्या बंद केल्या तर चालेल ना?" आणि मी माझ्या ऑफिसच्या कागदावर लिहून दिलं की बंद करण्यास हरकत नाही. खाली सही केली. जाळ्यांवर काचा बसल्या, कडांना डिंकासारखं ते पांढरं रसायन भरलं. पाणी थांबलं. मला आभाराचा फोन आला आणि मी तो घेतला.

आता मावशींबद्दल. त्या आश्रमात दिवसभर असतात, म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालतात, भरवतात, अंथरुणं बदलतात. आधी गावाकडे बाळंतिणींचं करायच्या. या पावसाळ्यात सड्यावरची लाईट गेली की दोन-दोन दिवस यायची नाही, ऊन नाही, कपडे वाळवायचं मशीन नुसतं उभं. तेव्हा मावशींनी त्यांना येत होतं ते केलं. शेगडीत कोळसे फुलवायचे, वर पालथं टोपलं ठेवायचं, टोपल्यावर चादरी पसरायच्या. बाळाची दुपटी प्रत्येक घरात अशीच वाळली आहेत, माझीही वाळली असतील. व्हरांड्यात झड येते म्हणून शेगडी खोलीत. दुपारी म्हातारी माणसं झोपली की त्यांना ऊबही मिळायची. मी ती शेगडी पाहिली होती, नाना. जूनमध्ये गेले होते तेव्हा तिच्यावर टाकलेल्या ओव्याचा वास आला आणि मला घरची आठवण झाली. मावशींना मी म्हटलंसुद्धा, "छान वाटतंय हो इथे." त्यांनी हसून डोक्याला बांधलेलं फडकं घट्ट केलं. डोकं दुखत होतं त्यांचं. ते मी विचारलं नाही.

चौथ्या खोलीत दोघीजणी. एक चिपळूणच्या, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, त्यांना सगळे बाई म्हणतात. दुसऱ्या खाटेवरच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचा मुलगा मुंबईला. त्यांच्याच चादरी दिवसातून तीनदा बदलाव्या लागायच्या, म्हणून शेगडी बहुतेक वेळा त्याच खोलीत. त्याच जूनमध्ये बाईंनी मला दारात अडवलं. "तू इंजिनिअर ना? मग सांग, या खोलीत माझं डोकं का उठतं? व्हरांड्यात जाऊन बसले की उतरतं." मी घाईत होते. मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे नंतर गोड करून सांगता येणार नाही. "अहो बाई, वय झालं की असं व्हायचंच. बीपी तपासून घ्या." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं उत्तर न वाचता गृहपाठावर बरोबरची खूण करणाऱ्याकडे बघतात. मग म्हणाल्या, "बरं. मी लिहून ठेवते."

गेल्या सोमवारी दुपारी मी तिथेच होते, व्हरांड्याच्या टोकाला एक गळती होती ती बघायला. स्टुलावर चढून ओल कुठून येते ते हाताने चाचपत होते. जेवणं उरकलेली, सगळीकडे शांत, फक्त व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस. आणि मावशींची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. "बाई उटत नायत! आवो कोनीतरी या! दोगी पन उटत नायत!" मी धावले. चौथ्या खोलीच्या दारात पाय टाकला आणि अंगावर आली ती कोरडी, बऱ्यापैकी सुखाची ऊब. धूर नाही. वास नाही. शेगडीतले निखारे लालबुंद, टोपल्यावर चादर नीट पसरलेली, खिडकी सरकवून घट्ट लावलेली. आजींचे ओठ उघडे, बाई कुशीवर, हात खाटेखाली लोंबकळत. इतकी नीटनेटकी खोली मी आयुष्यात पाहिली नाही आणि मला तिची इतकी भीती कधी वाटली नाही. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी माझी नजर आधी वर गेली. काचेकडे. माझ्या सहीकडे.

खिडकी सरकेना. झडीने तिची पट्टी फुगली होती. मी शेगडी टोपल्यासकट ओढत बाहेर काढली, हात भाजला ते संध्याकाळी कळलं. मावशींनी बाईंना काखेत धरून ओढलं, मी आजींना चादरीसकट. उंबरा नव्हता म्हणून चादर सरकत गेली, तेवढं एक मी बरं केलं होतं. व्हरांड्यात झडीत दोघींना निजवलं. बाईंना आधी उलटी झाली, मग डोळे किलकिले झाले. आजी मात्र हलेनात. मावशी त्यांचे तळपाय चोळत एकसारखं म्हणत होत्या, "आये उट गो, आये उट." गाडी येईपर्यंतचा वेळ मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. मला तुमची परीक्षा आठवत होती. तुमच्या उदबत्तीचा धूर निदान दिसायचा, डोळ्यांना झोंबायचा, माणूस उठून दार उघडायचा. हा दिसतच नव्हता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, निखाऱ्यातून वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, बंद खोलीत साचतो आणि झोपलेल्या माणसाला उठवतच नाही.

बाईंना दुसऱ्या दिवशी इस्पितळात उठवून बसवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी वही मागितली. शाळेची, चौकटीची. त्यात रोजचा एकेक शब्द. "डोकं." "डोकं." "ऊन पडलं, डोकं नाही." "चादरी आत, डोकं." "चादरी बाहेर, बरं." असे दोन महिने. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि एवढंच म्हणाल्या, "मला कारण सापडलं नव्हतं. पण नोंद बरोबर होती की नाही?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तू वय कशाला काढलंस?" शेजारच्या खाटेवर आजींच्या तोंडाला ऑक्सिजन लावलेला, मुंबईहून निघालेला मुलगा वाटेत, आणि त्या शुद्धीवर येतील की नाही हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

गुरुवारी सकाळी संस्थेची बैठक झाली. आजींनी तोवर डोळे उघडले होते, पण मुलाला ओळखत नव्हत्या. टेबलावर टाईप केलेला कागद तयारच होता. कर्मचाऱ्याने परवानगी न घेता खोलीत शेगडी ठेवली, हा तिचा निष्काळजीपणा, तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. इमारतीत कोणताही दोष नाही. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, "जाळ्या बंद होत्या त्याचं काय?" अध्यक्ष माझ्याकडे झुकले आणि अगदी मायेने बोलले. "मॅडम, मावशींना चार घरी काम मिळेल. तुमचं नाव एकदा गेलं की कोण बोलावणार तुम्हाला? विचार करा." नाना, मी विचार केला. खोटं सांगणार नाही, मी पेनाचं टोपण काढलं होतं. डोक्यात सगळी गणितं चालू होती, ऑफिसातल्या दोन मुली, पुढची दोन कामं, दारावरची पाटी. आणि दाराशी उभ्या असलेल्या मावशी मध्येच बोलल्या, माझी बाजू घेऊन. "मॅडमना कशाला तरास देता? शेगडी मी ठेवली. चार दिस लाईट नाय, वल्या चादरीवर म्हातारीला निजवली आसती तर पाट सडली आसती तिची. म्हनून ठेवली. मला काय म्हायत, ऊब पन मारते म्हनून."

त्या रागावल्या असत्या, माझ्यावर खापर फोडलं असतं, तर कदाचित मी सही केली असती. अंगावर आलेल्या माणसापासून स्वतःला वाचवायला सोपं जातं. मी बॅगेतून माझ्याच जुन्या कागदाची माझ्याकडची प्रत काढली, जाळ्या बंद करायला हरकत नाही असं लिहिलेली, आणि उभी राहून मोठ्याने वाचली. मग सांगितलं की जाळ्या मुळात सरळ बसवल्या ही माझी चूक, पाणी आत आलं ते त्यामुळे, आणि ती झाकायला मी हवेची वाट बुजवली. मावशींना शेगडीचा धोका ठाऊक नव्हता, मला बंद खोलीचा धोका ठाऊक होता. एक सभासद म्हणाले, "हे सगळं लिहून द्याल?" मी तिथेच लिहून दिलं. अध्यक्ष माझ्याशी नंतर एक अक्षर बोलले नाहीत. मावशी कामावर आहेत. शेगडी गेली, कपड्यांसाठी मागच्या अंगाला चारी बाजूंनी मोकळी शेड बांधायची ठरली आहे. माझं पुढचं एक काम हातचं गेलं, दुसऱ्याचं अजून कळलेलं नाही. शुक्रवारी आजींनी मुलाला नावाने हाक मारली, आणि मी इस्पितळाच्या जिन्यात बसून लहान पोरासारखी रडले.

शनिवारी, म्हणजे परवा, मी साचा घेऊन सड्यावर गेले. गवंड्याला आधी हसू आलं. मी चौथ्या खोलीची काच काढली, जाळी फोडली आणि साचा लावून बाहेरच्या तोंडाला उतार धरला. तुमच्यासारखा सफाईदार घाव नाही जमला, कडा ओबडधोबड झाल्या. दोन्ही भिंतींतली भोकं झाल्यावर दार-खिडकी लावून उदबत्ती पेटवली आणि उकिडवी बसले. बाई इस्पितळातून आल्या होत्या, व्हरांड्यातून काचेतून बघत होत्या. धूर थोडा वेळ घुटमळला, मग वर वळला. बाहेर झड आपटत होती आणि आत थेंब नव्हता. बाईंनी बाहेरूनच विचारलं, "पास?" मी मान हलवली. उरलेल्या खोल्या गवंडी करतो आहे, आता तो हसत नाही.

इथे थांबले असते तर तुम्ही खूश झाला असतात, म्हणून इथेच थांबायचा मोह होतो आहे. पण मी रागवायला जागा ठेवली आहे म्हटलं होतं. नाना, आपल्या घराच्या मागच्या खोलीत, तुमच्या खाटेच्या वर भिंतीत, तुमच्या हातचं भोक आहे. तुमच्या शेवटच्या पावसाळ्यात त्यातून गार वारा यायचा आणि तुम्ही खोकायचात. छातीत जन्मभराची चिऱ्याची धूळ, डॉक्टरांनी हात टेकलेले, ऊब ठेवा म्हणाले होते. मी तुमचा कामावरचा जुना शर्ट गुंडाळला आणि स्टुलावर चढून त्या भोकात कोंबला. खाली शेगडी ठेवली, ओवा टाकला, दार ओढून घेतलं. मला वाटलं मी तुमची केवढी काळजी घेते आहे. जेवणानंतरची वेळ होती. तुम्ही डोळे उघडलेत, हात उचललात, वर बोट केलंत आणि म्हणालात, "बाय, वरचा काड." मी म्हणाले, "वारा लागेल नाना." तुम्ही परत म्हणालात, "काड गो." मी तुमच्या अंगावरची गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि पेज आणायला गेले. पेज घेऊन आले तेव्हा तुम्ही नव्हतात.

तुम्ही त्या पावसाळ्यात जाणार होतात हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पण त्याच दुपारी जाणार होतात का, हे मला माहीत नाही, आणि आता ते सांगणारं कुणी नाही. लोक भेटायला आले, विचारायचे, शेवटी काय बोलले? मी सांगायचे, काही नाही, झोपेतच गेले. आईलाही तेच सांगितलं. ती त्यावर विश्वास ठेवून गेली. नंतर नंतर मीही स्वतःला पटवत आणलं होतं की तुम्ही काहीतरी पुटपुटलात, शब्द कळले नाहीत. कळले होते, नाना. दोन्ही वेळा नीट ऐकू आलं होतं.

आज दुपारी त्या खोलीत गेले. शर्ट अजून तिथेच होता, इतकी वर्षं. ओढला तर आधी येईना, मग कोळिष्टकांसकट हातात आला, काळा, खापरासारखा कडक. भोकातून तिरका उजेड खाटेवर पडला. बाहेर पाऊस चालू, आत थेंब नाही. मी उदबत्ती लावली, धूर सरळ तिकडे गेला, जसा तो वाट कधी विसरलाच नव्हता. तिथेच खाटेवर बसून हे सगळं लिहिलं. पत्र तुम्हाला पोचवायचं कुठे, म्हणून इथपर्यंत लिहून घडी केली आणि त्याच भोकात सरकवलं. धूर जागच्या जागी उभा राहिला. मी लगेच स्टुलावर चढून पत्र काढून घेतलं, आणि त्यावरच या शेवटच्या ओळी लिहिते आहे. या वेळी तुम्हाला दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही.